रुईचा नवरदेव

माह्या दिराचं, कडूबाचं, पहिलं लग्न एका रुईच्या झाडाशी लागलं. हसा बापा, हसून घ्या. आम्हीबी तवा पोट धरधरून हसलो होतो. मंग त्या हसण्याचं मले जे भोगावं लागलं ते माहं मले ठाऊक.

मी मनकर्णाबाई. रोहिणखेडापासून कोसभरावर आमचं गाव. घरात मी, माहे मालक किसनराव अन् हा धाकटा दीर. मालक दिवसातून चार शब्द बोलत, अन् त्यातले दोन बैलाशी. म्हणून घरातलं सारं बोलणं माह्याकडं आलं, अन् मी ते काही कमी पडू दिलं नाही. माहं तोंड म्हणजे फाटकं पोतं, असं सासूबाई म्हणत. खोटं कशाले सांगू, होतंच.

कडूबाच्या हाताले मात्र तोड नव्हती. मांडव बांधावा तर त्यानंच. वेळूचे खांब कुठं रोवाचे, वर जांभळाचे डहाळे कसे पांघराचे का भर वैशाखात आत गारवा राहीन, चुलाणाचा धूर पंगतीवर येऊ नये, पोरीच्या मायले रडू आलं तर तिले आडोसा पायजे, हे सारं तो उभ्या उभ्या जागा पाहूनच ठरवे. घाटावरून, बुलढाण्याहून, थेट देऊळगाव राजाहून त्याले बोलावणं ये. साऱ्या मुलखाले मांडव घालणारा हा माणूस, पण त्याचा सोताचा मांडव काही पडला नाही. मोताळ्याची एक पोरगी जमेल होती. मानमोडीच्या साली, त्या तापाच्या साथीत, ती गेली, त्याच हप्त्यात आमचे सासू-सासरेही गेले. मंग दोन-तीन वर्सं घरात लग्नाचा विषयच निघाला नाही. पुढं मी काढला तर हा कुऱ्हाड घेऊन वेळू तोडाले निघून जाये. पाहता पाहता बत्तीस वर्साचा झाला.

आता कोकिळेचं सांगते. कोकिळा म्हणजे आमच्या गल्लीतल्या रामरावची बहीण. ती अन् कडूबा एका वयाचे, भांडत भांडत संगंच वाढले. तिले देऊळगाव राजाकडं दिली होती. चोविसाव्या वर्सी नवऱ्याले पान लागलं, म्हणजे साप चावला, अन् ती सहा वर्साची लेक घेऊन भावाकडं परत आली. कोकिळेले गाणी येत. लग्नातलं असं कोणतंच गाणं नव्हतं जे तिले येत नव्हतं. घाण्याचं, हळदीचं, विहिणीले उणंदुणं बोलाचं, लेक सासरी वाटी लावाचं. पण विधवा बाईनं हळदीपाशी उभं राहू नये अशी रीत. अन् मांडवातल्या आम्ही सवाष्णी म्हणजे एकीपेक्षा एक शहाण्या. पहिली ओळ गाव हालवून टाकू अशी म्हणाची, अन् दुसऱ्या ओळीले एकमेकीच्या तोंडाकडं पाहाचं.

म्हणून कडूबानं एक युक्ती केली. मांडवाच्या मागच्या अंगाले डहाळ्याईत तो हातभर फट ठेवू लागला. फटीच्या बाहेर एक घोंगडं टाके. तिथं कोकिळा बसे अन् ओळ सांगे, अन् आत आम्ही ती उचलून गात असो. पाहुण्याईले वाटे, वा, या गावच्या बायाईले काय गाणी येतात.

एकडाव त्या बयेनं मस्करी केली. वरमायच्या नथीचं वर्णन चालू होतं. कोकिळेनं फटीतून हळूच नथीच्या जागी मिशा सांगतल्या, अन् आम्ही दहाजणींनी एका सुरात त्या वरमायले मिशा लावल्या, वर त्याईले पीळबी देला. वरमाय लाल झाली, मानपान तसाच सोडून वऱ्हाडाच्या जानोशाकडं परत निघाली. तिले वळवता वळवता आमच्या नाकी नऊ आले. अन् मागं पाहते तर कडूबा खांब धरून हसून राह्यलाय, अन् फटीच्या पल्याड कोकिळा पदरात तोंड घालून हसून राह्यली. विधवेनं इतकं हसू नये असं त्या दिवशी अंबूबाई म्हणाली. अंबूबाई म्हणजे आमच्या समोरच्या घरची, जिच्या पोटात नेहमी माह्या घराचं दुखे.

आठ वर्सं हे असं चाललं. लग्नसराई आली का दोघाईच्या तोंडावर कळा येई. तो आत सुतळ्या आवळत बसे, ती बाहेर. या नवरदेवाचं बाशिंग तिरपं, त्या व्याह्याचं पोट बाशिंगाच्या पुढं, तुहा हा खांब वाकडा हाये, तुह्या त्या गाण्यात सासू दोनदा मरते, असं काहीबाही. बाईमाणसाची अन् गड्याची दोस्ती नसते म्हणतात. मी ती पाह्यली. पण तिच्या पल्याडचं काही मले दिसलं नाही, कारण मी पाह्यलंच नाही.

आमच्या जातीत विधवेचा पाट लागते, म्हणजे साधं दुसरं लग्न. रामरावकडं कोकिळेसाठी दोन माणसं येऊन गेली होती. तवा तिनं पंचाईच्या पुढं सांगतलं होतं का लेकीचे हात पिवळे होईस्तोवर मले कोणी विचारू नका. लोकाईनं त्यातलं 'विचारू नका' तेवढं ध्यानात ठेवलं. मीबी त्यातलीच.

मंग त्या वैशाखात कोकिळेच्या लेकीचं लग्न झालं. कडूबानं असा मांडव घातला का पाटलाच्या घरीबी कधी पडला नव्हता. अन् पुढं भादव्यात, महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवता जेवता तो मालकाले म्हणाला, दादा, मले रुईशी लग्न लावाचं हाये.

माही भाकर तव्यावरच करपली. कारण आमच्याकडं याचा अर्थ एकच होते. कुवाऱ्या गड्याले विधवेशी पाट लावता येत नाही. त्याचं आधी एक लग्न व्हावं लागते. म्हणून रुईशी लावतात. हळद लावून, सूत गुंडाळून, अंतरपाट धरून. मंग त्यानं ती रुई सोताच्या हातानं उपटून टाकाची. बायको मेली, गडी बिजवर झाला, आता त्याले पाट चालते. पण मेलं कोणासाठी? मी विचारलं. तर म्हणे, वयनी, अमावस्येनंतर सांगतो. रुई उपटली का पुढची अमावस्या जाईस्तोवर गड्यानं त्या बाईचं नाव तोंडातून काढाचं नाही, नाहीतर रुई तिच्यावर रुसते, अशी आमच्या गावातली समजूत. अन् हा पडला असल्या गोष्टीले मानणारा. त्या मोताळ्याच्या पोरीपासून तर फारच.

शनिवारी सकाळी नाल्याच्या काठी लग्न लागलं. जोशीबुवा हसू दाबत मंगलाष्टकं म्हणत होते. माहे मालक अंतरपाट धरून उभे, जसं काही सरकारी काम हाये. अर्धं गाव आलं होतं. कोणी म्हणे नवरी मुकी दिसते, सुखी होशीन गा कडूबा. अंबूबाई म्हणे नवरीकडचं कोणी मानपानाले दिसत नाही. आम्ही बायाईनं गाणं धरलं अन् ठरल्यापरमानं दुसऱ्या ओळीले अडकलो. तवा मागून, बांधावरून, कोकिळेनं ओळ दिली. ती बाकीच्याईपासून दूर एकटी उभी होती. ओळ देताना तिचा आवाज फाटला. मले वाटलं, वाऱ्यानं.

कडूबानं रुई उपटली. हाताले चीक लागला. दुसऱ्या दिवशी तो गाडी जोडून देऊळगाव राजाले बालाजीच्या यात्रेच्या कामाले गेला. दसरा-कोजागिरी करून येणार होता. जाताना मले एवढंच म्हणाला का आल्यावर तुम्हालेच पाठवीन, वयनी, दुसऱ्या कोणाले नाही.

आता सांगा, माह्यासारख्या बाईले हे महिनाभर पोटात ठेवणं जमण्यासारखं हाये? मी बसून हिशेब लावला. गावात पाट लागण्याजोग्या विधवा तीन. एक पन्नाशीची. एक कोकिळा, तिनं तर 'विचारू नका' सांगेल. राह्यली शालूबाई. गावाच्या खालच्या आळीची, नवरा दोन वर्सांआधी वारेल, लेकरू नाही, भाऊ इंद्रभान तिले सांभाळे. अन् श्रावणात कडूबा तीनदा शालूबाईकडं गेला होता. वेळू आणाले गेला होता, तिच्या परसात वेळूचं बेट होतं, हे मले ठाऊक होतं. पण तिसऱ्या खेपेले तिनं त्याले तांब्याभर ताक देलं होतं अन् त्यानं ते बसून पेलं होतं. मी त्या ताकात वाहून गेली.

त्यात अंबूबाईचा भाऊ बिजवर. ती शालूबाईवर डोळा ठेवून होती, अन् दोन दिवसांवर पितृपाट येऊन राह्यला होता. त्या पंधरवड्यात कोणी सोयरिकीचं बोलत नाही, म्हणजे अंबूबाई त्याच्या आधीच जाणार. मंग मी काय केलं? नवं लुगडं नेसली, वाटीभर साखर घेतली अन् निघाली. मालकाले विचारलं. ते 'पाहा' म्हणाले. त्याचा अर्थ मी 'जा' असा घेतला.

वाटेत रामरावचं घर लागते. कोकिळा दारात उभी होती. न्हालेली होती, केस ओले, दारापुढं झाडलं होतं. मले पाहून ती उंबऱ्यावरून एक पाऊल पुढं आली. म्हणाली, वयनी, कुठं निघाल्या?

मी म्हटलं, चांगल्या कामाले निघाली. मागून सांगते.

अन् मी पुढं गेली.

शालूबाईचा भाऊ इंद्रभान तर आनंदानं उठून उभाच राह्यला. कडूबासारखा गडी, व्यसन नाही, भांडण नाही. शालूबाई आत चुलीपाशी होती. तिले विचारलं तर तिनं पदर डोळ्याले लावला अन् मान हालवली. पंचातले दोघं बोलावले, गूळ वाटला, शब्द देला-घेतला. मी परत येताना गावभर सांगत आली. अंबूबाईच्या दारापुढं तर जरा जास्तच हळू चालली.

कोजागिरीनंतर कडूबा आला. बैल सोडले, पाय धुतले. मी त्याच्या हातावर गूळ ठेवला अन् म्हटलं, नाव तुम्ही सांगतलं नाही पण वयनीनं वळखलं. शालूबाईचा भाऊ हो म्हणला. त्यानं तो गूळ तसाच हातात धरला. मले विचारलं, शब्द देला? मी म्हटलं, पंचाईपुढं. तो 'बरं' म्हणाला अन् बैलाले पेंडी टाकाले गेला. मले वाटलं लाजला. पहा, माणूस आपल्याच शहाणपणात किती आंधळं होते.

मंग आला फकीर मोहम्मद. रोहिणखेडचा मनियार, आमच्या साऱ्या गावच्या बायाईले बांगड्या भरणारा. पांढऱ्या दाढीचा भला माणूस. त्याच्या पुढं हात धराले कोणी लाजत नसे. कडूबानं देऊळगावले जाताना त्याच्याकडं बांगड्या सांगतल्या होत्या. पाटाले गड्यानं नव्या बांगड्या द्याच्या असतात. मी त्याले घेऊन शालूबाईकडं गेली. त्यानं तिचा हात हाती घेतला, पाह्यला, अन् आणेल बांगड्या पेटीच्या तळाशी घालून दुसऱ्याच काढून भरल्या. मले काही समजलं नाही. परतताना वाटेत तो थांबला. खिशातून वेळूच्या कांबीची एक बारीक कडी काढून माह्या हातावर ठेवली.

"भाभी, कडूबानं मले माप म्हणून हे करून देलं होतं. ये शालूबाईका हात नहीं. इस गाँव में हा हात एकाच बाईचा हाये."

त्यानं नाव घेतलं नाही. मी ती कडी सोताच्या हातात घालून पाहाले गेली तर ती बोटाच्या पेरांवरच अडली. गावात इतक्या नाजूक हाताची एकच होती, अन् तिच्या हातात आठ वर्सांपासून बांगडीच नव्हती. कडूबानं नुसतं नजरेनं माप घेतलं होतं, जसं मांडवाच्या जागेचं घे. मी भर रस्त्यात मटकन खाली बसली. फकीर मोहम्मद बिचारा पाणी आणाले पळाला.

घरी येऊन मी कडूबाचे पाय धराले गेली. म्हटलं, मी जाते, पंचाईपुढं नाक घासते, सांगते का चूक माही हाये, मनकर्णाबाईनं सोताच्या मनानं केलं. वाटलं तर मले वाळीत टाका. तो सुतळी वळत होता. वळतच राह्यला.

"वयनी, काल मी खालच्या आळीतून आलो. शालूबाईच्या दारापुढं सडा होता, रांगोळी होती. दोन वर्सांपासून त्या दारात कोणी रांगोळी काढली नव्हती. मी काय तिले म्हणू, पुसून टाक, घर चुकलं?"

म्हटलं, अन् कोकिळा? तर तो उठला अन् बाहेर गेला. मी त्याले तवा पहिल्यांदा रडताना पाह्यलं, पाठमोरा.

कोकिळेकडं जाले मले दोन दिवस लागले. गेली तवा ती तूर निवडत होती. मी बोलाच्या आधीच ती बोलली, अन् मान वर केली नाही.

"तुम्ही साखर घेऊन निघाल्या ते मी पाह्यलं होतं. मले वाटलं आमच्याकडं येऊन राह्यल्या. मी सकाळपासून दारात होती, वयनी. रुईच्या दिवसापासून रोज होती. अन् तुम्ही माह्या दारावरून गेल्या."

मी तिच्यापुढं फतकल मारून रडली. तिनं मले रडू देलं. समजावलं नाही. राग होता तिले, अन् असावाच. मंग म्हणाली का शालूबाईले यातलं एक अक्षर कळलं तर याद राखा. तिनं काय गुन्हा केला? तिच्याकडं तर कोणी तरी साखर घेऊन आलं, तिनं घेतली.

पाटाले मांडव नसते, वाजा नसते, गाणी नसतात. अंधाऱ्या पक्षात चार माणसं बसतात अन् बाई सकाळी नव्या घरात दिसते. तशी शालूबाई आमच्या घरात दिसली. साऱ्या मुलखाचे मांडव बांधणाऱ्याचा सोताचा मांडव राह्यला तो राह्यलाच.

अन् सांगते, शालूबाई चांगली निघाली. वाईट निघाली असती तर मले जरा हलकं वाटलं असतं. कष्टाळू, हसऱ्या तोंडाची. पोरगा झाला, पोरगी झाली. कडूबा तिले कधी वाकडं बोलला नाही. संसार केला त्यानं, मनापासून केला, त्यात मी खोट काढणार नाही. पण लग्नसराई आली का मांडवाच्या मागच्या अंगाले तो अजून फट ठेवी, अन् कोकिळा अजून तिथं बसून ओळ सांगे. बोलणं मात्र थांबलं होतं. तो आपलं काम संपवून समोरच्या अंगाले निघून जाये. ती ओळ सांगे ते आमच्याकडं पाहून. एकडाव एका लग्नात सारे जेवाले उठले, मी आहेराचं लुगडं विसरली म्हणून मागं वळली, तर कोकिळा त्या फटीतून रिकाम्या मांडवात पाहत बसेल होती. कडूबा त्या वेळी पार गावाबाहेर उरेल खांब परत नेऊन टाकाले गेला होता.

शालूबाईले एका गोष्टीचा फार अभिमान होता. माह्यासाठी याईनं रुईशी लग्न लावलं, असं ती साऱ्याईले सांगे. हळदीले सांगे, बारशाले सांगे, लेकराईले मांडीवर घेऊन सांगे. तीनदा वेळूचं निमित्त काढून आले, अन् मी ताक देलं तवा कसे लाजले, हे पण सांगे. बरं, कोकिळा अन् तिचं मैत्र जमलं. कोकिळा बाजूले बसेल असली का शालूबाई तिलेच साक्ष काढे, तुम्ही तर होत्या ना तिथं बांधावर, खरं ना? अन् कोकिळा म्हणे, हाव, खरं हाये. मी होती.

वीस वर्सं अशी गेली. मंग एका हिवाळ्यात शालूबाई तापानं गेली. तिचं सारं आजारपण कोकिळेनं काढलं. तिले न्हाऊ घालणं, पेज पाजणं, उशाशी बसणं. शेवटच्या दिवशीबी शालूबाईनं लेकीले रुईची गोष्ट सांगाले लावली अन् डोळे मिटून ऐकली.

वर्सश्राद्ध झालं. पोराचं, पोरीचं, दोघाईचं लग्न होऊन गेलं होतं. कडूबा त्रेपन्न वर्साचा झाला होता, मिशा पांढऱ्या, पाठ जरा वाकेल. एका सकाळी त्यानं धुवेल धोतर नेसलं, फेटा बांधला. मी विचारलं तर म्हणाला, रामरावकडं जातो. मी म्हटलं, भाऊजी, मी जाऊ का? या डावा दार चुकणार नाही. तर तो हसला. कितीक वर्सांनी हसला. म्हणाला, नाही वयनी, या डावा मीच जातो.

तो गेला तसा मी घरात येरझाऱ्या घालू लागली. देवापुढं दिवा लावला. म्हाताऱ्या मालकाले सांगतलं तर तेबी म्हणाले, होऊ दे बापा. घटकाभरात कडूबा परत आला. फेटा उतरवून खुंटीले लावला. भाकर मागितली, खाल्ली, अन् शेतात गेला. मी काही विचारलं नाही. एवढी तरी अक्कल मले वीस वर्सात आली होती.

पण मी कोकिळेकडं गेली. तिले म्हटलं, काऊन नाही म्हटलं वं बाई? आता कोण आडवं हाये? लेकरं मोठी झाली, रामराव तर आनंदानं देईन. तू त्याच्या नावानं वीस वर्सं बसली ते मले दिसत नाही का?

तिनं मले बसाले पाट देला. मंग बोलली ती अशी का जसं सारं आधीच ठरवून ठेवेल होतं.

"मी आज त्याच्या घरात गेली तर उद्या लोक मागचं मोजतीन. कोणी तरी म्हणीन का ती रुई हिच्यासाठी होती. अन् ते खरं हाये, म्हणून ते लवकर पटीन. शालूच्या लेकराईले कळीन का त्याईची माय चुकून आणेल होती. मी तिचं अंग पुसलं हाये, वयनी. तिच्यापाशी तेवढी एकच गोष्ट होती."

मी म्हटलं, अन् तुह्यापाशी काय हाये?

ती रडली. पन्नाशी उलटेल बाई, पण पोरीसारखी रडली, आवाज करून. मंग डोळे पुसून तिनं विचारलं का जेवला का तो? मी म्हटलं, जेवला. किती भाकरी खाल्ल्या? मी म्हटलं, एक. नेहमी तीन खाते. मी उठली तवा तिनं माह्या लुगड्याचं टोक धरलं.

"त्याले सांगा का मले हो म्हणाचं होतं."

मी वाटेत कुठं थांबली नाही, कोणाशी बोलली नाही. अंबूबाईनं ओट्यावरून हाक मारली, तिलेबी ओ देली नाही. तडक शेतात गेली. कडूबा विहिरीपाशी बसेल होता. मी त्याच्यापुढं उभी राह्यली अन् एक शब्द जास्त नाही का एक शब्द कमी नाही, तिनं सांगतलं तसं सांगतलं. तो माह्याकडं पाहत राह्यला.

म्हणाला, वयनी, पुन्हा सांगा.

मी पुन्हा सांगतलं.